सूज नाही, नुसतं दुखणं

४ मार्च, सोमवार. सकाळी सहा दहा.

आजपासून रोजनिशी. कारण किरकोळ आहे. तीनेक आठवडे झाले, बसलं की दुखतं. कुठे ते लिहीत नाही. वही फक्त माझी आहे, कुणी वाचणार नाही, तरी लिहीत नाही. ओटीपोटाच्या खाली आणि बैठकीच्या वर, एवढं पुरे. लिंबावर बसल्यासारखं वाटतं.

निदान मीच केलं. आमच्या ड्रायव्हिंग स्कूलमधला मी सगळ्यात जुना शिक्षक. बावीस वर्षं शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर बसतोय, पायाखाली जादा ब्रेक घेऊन. दिवसाला आठ तास. एवढं बसल्यावर लाकूडसुद्धा दुखेल.

उपाय: उशी. मुदत: पंधरा दिवस.
हिला सांगायचं नाही. बायको आहे, उगाच काळजी करत बसेल.

५ मार्च.

उशी आणली. मधे भोक असलेली. दुकानदार भर दुकानात म्हणाला, "मूळव्याधीची ना?" दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मी म्हटलं, मित्रासाठी हवी आहे. तो म्हणाला, "सगळे मित्रासाठीच नेतात."
हिने विचारलं, ही कसली उशी? मी म्हटलं, स्कूलने सगळ्या शिक्षकांना दिली. अगदीच खोटं नाही. वापरणार तर कामावरच आहे.

९ मार्च, शनिवार.

गोळीबारकडे गेलो. कोपऱ्यावरचा औषधवाला, माझा शाळेपासूनचा मित्र. शिंक आली तरी तीन गोळ्या देतो, म्हणून हे नाव. हळू बोल म्हटलं. पण हळू बोलणं हा प्रकार त्याच्या घशात बसवलेलाच नाही. "लघवीला सारखं जावं लागतं? जळजळतं?" काउंटरवर एक आजी खोकल्याचं औषध घेत होत्या. त्यांनीही उत्तराची वाट पाहिली.
हो म्हटलं.
"प्रोस्टेटायटिस," गोळीबार म्हणाला, "म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीची सूज." सात दिवसांचं अँटिबायोटिक दिलं.
नाव भारदस्त आहे. दुखण्याला नाव मिळालं की निम्मं काम झालं. त्या ग्रंथीला मराठीत पौरुषग्रंथी म्हणतात म्हणे. आता असलं नाव घेऊन बायकोपुढे कसं जायचं? तिथे काही बिघडलंय म्हटलं तर उरलं काय?

१७ मार्च, रविवार.

कोर्स पूर्ण. पहिले तीन दिवस पुष्कळ बरं होतं. (पहिल्या तीन दिवसांत स्कूलला सुट्टी होती, पण त्याचा संबंध नसावा.) मग पुन्हा लिंबू.
गोळीबारने दुसऱ्या रंगाच्या गोळ्या दिल्या. ताप येतो का विचारलं. नाही म्हटलं. तो जरा थबकला. मग म्हणाला, "एकदा तज्ज्ञाला दाखव रे. मी दुकानदार आहे." मी म्हटलं, जरूर.
आता खात्री आहे. मार्चअखेर मी ठणठणीत.

२८ मार्च.

एक गोष्ट लिहून मोकळा होतो. नवराबायकोतल्या जवळिकीनंतर दोन दिवस फार दुखतं. म्हणून गेला महिनाभर मी टाळतोय. कधी थकलोय म्हणतो, कधी ती खोलीत यायच्या आत डोळे मिटून पडतो. पण ही हुशार आहे, रोजरोज कारणं पुरणार नाहीत. तेव्हा काल कायमचा तोडगा काढला. बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपायला लागलो. माझ्या घोरण्याने तुझी झोपमोड होते, असं सांगितलं.
ही म्हणाली, "तीस वर्षं घोरताय, आज कळलं?"
मी म्हटलं, तुझ्या झोपेची काळजी आहे.
तिने कपाटातून चादर काढून दिली, घडी मोडून, नीट अंथरून. पटलं म्हणायचं. समजूतदार बायको मिळायला भाग्य लागतं.

२ एप्रिल.

गोळ्या संपल्या. दुखणं आहे तसंच. गोळ्यांवर अवलंबून राहणं हीच चूक होती. मोबाइलवर एक व्यायाम सापडला. खालचे स्नायू आवळायचे, दहा मोजायचे, सोडायचे. कुणाला कळतही नाही. व्हिडिओतला माणूस दिवसाला तीस वेळा करा म्हणतो. मी तीनशे करणार. बारा दिवसांत निकाल.

११ एप्रिल, गुरुवार.

रोज तीनशे. प्रत्येक सिग्नलला दहा. दुखणं वाढलंय, याचा अर्थ व्यायाम लागू पडतोय.

नवीन शिकाऊ आल्या आहेत. निवृत्त हेडमास्तरीण. मी मनात हेडबाई म्हणतो. वय सहासष्ट. गाडी शिकण्याचं कारण विचारलं तर म्हणाल्या, "मुलाला दर वेळी 'वेळ आहे का' विचारायचा कंटाळा आला." क्लच असा सोडतात की गाडी नमस्कार घालते. पण नजर तेज. आज सिग्नलला म्हणाल्या, "सर, तुम्ही लाल दिवा लागला की श्वास का धरता?"
पाठीचा व्यायाम, असं सांगितलं.
"आणि पाठीसाठी भोकाची उशी?"
मी त्यांचं लक्ष आरशाकडे वळवलं.

१९ एप्रिल, शुक्रवार.

तज्ज्ञाकडे जाऊन आलो. म्हणजे दवाखान्यापर्यंत. अर्धा तास बसलो. मग माझं नाव पुकारलं गेलं, दार उघडलं, आणि आत टेबलामागे बाई. चाळिशीच्या, हातात मोजे घालत होत्या. पाटीवर नुसतं डॉक्टर आणि आडनाव होतं. पाटी लिहिताना लोकांनी जबाबदारीने लिहायला हवं.
मी म्हटलं, गाडी चुकीच्या जागी लावली आहे, हलवून येतो. ती थेट घरापर्यंत हलवली.
हिने विचारलं, लवकर कसे? म्हटलं, शिकाऊ आला नाही. ही माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "तुमच्या शर्टाला कसला तरी वास येतोय. दवाखान्यासारखा?" म्हटलं, गाडीत नवीन फ्रेशनर बसवलाय.
तिने पुढे विचारलं नाही. हल्ली ती पुढे विचारतच नाही. घरात शांतता आहे.

२७ एप्रिल, शनिवार.

पुढच्या महिन्यात लग्नाला तीस वर्षं. गेल्या वर्षी मीच कबूल केलं होतं, या वेळी समुद्रावर जाऊ, गाडीने, मी चालवीन. सात तासांचा रस्ता. हिने खोली बघून ठेवली होती, खिडकीतून पाणी दिसणारी. सॅंडल घेतले होते, वाळूत चालायचे.
सात तास लिंबावर. अशक्य.
म्हटलं, सुट्ट्यांचा मोसम आहे, शिकाऊंची रांग लागली आहे, स्कूल रजा देणार नाही. पावसाळा संपला की नक्की.
ती म्हणाली, "बरं."
भांडली असती तर मला जड गेलं असतं. सुटलो. सॅंडल खोक्यात घालून तिने माळ्यावर ठेवले. स्टूल मी धरलं.

३ मे.

ही थोरल्या बहिणीकडे गेली. आठ दिवसांसाठी. बहिणीची रोपवाटिका आहे, अडीच तासांवर. मदतीला माणूस नाही म्हणे. जाताना म्हणाली, "तुम्हाला काही सांगायचं आहे का?"
मी विचार केला. आठ दिवस घर रिकामं, गरम पाण्याच्या टबात निवांत बसता येईल, ती येईपर्यंत मी बरा, आणि मग सांगायला काही उरणारच नाही.
म्हटलं, गॅसवाल्याचा नंबर कुठे लिहिलाय?
तिने फ्रिजच्या दाराकडे बोट दाखवलं.

१२ मे, रविवार.

आठाचे नऊ झाले. फोनवर म्हणाली, रोपं फार आहेत, आणखी थोडे दिवस. आवाज मोकळा होता. हवापालट मानवला.
लेकीचाही फोन आला. परगावी असते. म्हणाली, "बाबा, तुमचं आणि आईचं काय चाललंय?" मी म्हटलं, कुठे काय? ती म्हणाली, "तेच तर आई म्हणते. कुठे काय, काहीच नाही." आईची मुलगी आहे. कोड्यात बोलते.
काल तीस वर्षं झाली. दोघांनीही आठवण काढली नाही. मी काढली होती, पण ती काढते का ते बघत होतो.

१४ मे, मंगळवार. दुपारी.

झालं ते जसंच्या तसं लिहितो.
हेडबाईंची लायसन्सची परीक्षा परवा, म्हणून भर रस्त्यात सराव. अचानक अशी कळ आली आणि लघवीची अशी घाई झाली, की मी जादा ब्रेक दाबला आणि गाडी चालू ठेवून उतरून धावलो. पेट्रोल पंपाचं स्वच्छतागृह. तिथे उभा राहिलो तर काहीच नाही. थेंब थेंब. भिंतीला कपाळ टेकवून किती वेळ गेला माहीत नाही. बाहेर आलो तर गाडी नव्हती.
मागे हॉर्न वाजवणाऱ्यांची रांग लागली, म्हणून हेडबाई एकट्या गाडी घेऊन गेल्या होत्या. चौक ओलांडून, वळसा घालून, उलट येऊन पंपावर हजर. एकदाही गचका नाही. काच खाली करून म्हणाल्या, "बसा."
बसलो. शेजारच्या सीटवर, पण आज मीच शिकाऊ.
म्हणाल्या, "माझे मिस्टरही असेच धावायचे. मलाही पाठच सांगायचे. किती दिवस झाले?"
कसं कोण जाणे, सगळं सांगितलं. ग्रंथी, गोळ्या, तीनशे, दवाखान्यातून पळ. त्यांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. म्हणून जमलं असेल.
"बायकोला?"
म्हटलं, तिला त्रास नको म्हणून.
त्या एवढंच म्हणाल्या, "अरे देवा."

२३ मे, गुरुवार.

हेडबाई पास. पेढे-बिढे नाही, गाडी घेऊन दारात उभ्या. "चला. पहिली फेरी दवाखान्याची." तिथे नुसत्या सोडून गेल्या नाहीत. दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या. पळायला वाट नव्हती.
डॉक्टरांनी ओळखलं. म्हणाल्या, "गाडी हलवलीत?"
मग प्रश्न. कधीपासून, कुठे, ताप, थंडी, बसल्यावर की उभं राहिल्यावर, जवळिकीनंतर. मी खिडकीला उत्तरं दिली. मग कुशीवर झोपायला सांगितलं आणि मोजे घातले. अर्धं मिनिट. अर्ध्या मिनिटासाठी मी तीन महिने पळत होतो.
लघवीची तपासणी, रक्ताची तपासणी, सोनोग्राफी. गोळीबारच्या गोळ्यांबद्दल त्या रागावल्या. जंतू आहेत की नाहीत ते न बघताच तुम्ही दोनदा तोफा डागल्यात, म्हणाल्या.

६ जून.

रिपोर्ट आले. सगळे स्वच्छ.
मी म्हटलं, मग माझ्या प्रोस्टेटायटिसचं काय?
डॉक्टर म्हणाल्या, "तो तुम्हाला नाहीच." प्रोस्टेटच्या जागी दुखणं वेगळं आणि प्रोस्टेटायटिस वेगळा. त्या नावातच सूज आहे. जंतूंमुळे झाला तर ताप भरतो, थंडी वाजते, लघवीत जंतू सापडतात, ग्रंथीला हात लावू देत नाही माणूस, आणि तिथे अँटिबायोटिक लागतंच. तुमच्याकडे जंतू नाहीत, ताप नाही, ग्रंथी मऊ आहे. दुखतंय ते आजूबाजूचे स्नायू सतत आवळलेले आहेत म्हणून. "भांडण शेजारच्या घरात आहे आणि तुम्ही या घराचं दार ठोठावताय."
मी जरा खट्टू झालो. म्हटलं, म्हणजे मनाचे खेळ?
"मुळीच नाही. दुखणं खरं आहे. पुष्कळ पुरुषांना होतं आणि बहुतेक तुमच्यासारखेच गप्प बसतात." मग सहज म्हणाल्या, "आणि कॅन्सरचं म्हणाल, तर तसं काही दिसत नाही."
तो शब्द मी या वहीत एकदाही लिहिलेला नाही. विचारलाही नव्हता. त्यांनी तो उच्चारला आणि लगेच पुसलाही. पाण्याचा ग्लास त्यांनीच पुढे केला.
मग मी व्यायामाबद्दल सांगितलं. तीनशे ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. आधीच आवळलेल्या स्नायूंना मी दोन महिने रोज आणखी आवळत होतो. आवळायचं नाही, सोडायला शिकायचं, म्हणाल्या. शेक, दर तासाला उठून चालणं, फिजिओथेरपी. "आणि पुढच्या वेळी मिसेसना घेऊन या. अशा दुखण्यात दोघांनी मिळून ऐकलेलं बरं."
म्हटलं, आणतो. रविवारी ती येणारच आहे.
असं काही ठरलेलं नाही. पण मी जाऊन आणणार आहे.

१५ जून, शनिवार.

तयारी पूर्ण. रिपोर्टची फाइल तारखेनुसार लावली. काय बोलायचं ते मुद्देसूद लिहून काढलं. एक: दुखणं खरं होतं. दोन: धोकादायक नाही. तीन: जे केलं ते तुझ्यासाठी. चार: समुद्र, ऑक्टोबरमध्ये. ती आधी रागावेल, मग रडेल, मग पिशवी भरेल. संध्याकाळपर्यंत दोघं घरी.
फिजिओथेरपीच्या पहिल्या दिवशी एकच शिकवलं. पोटातून श्वास घ्यायचा आणि खाली सगळं सैल सोडायचं. वीस मिनिटांत मला तीनदा जमलं. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, छान. मी शाळेतल्या पोरासारखा खूश झालो.

१६ जून, रविवार.

अडीच तासांच्या रस्त्याला चार तास लागले. पाच ठिकाणी थांबून चाललो.
ही रोपवाटिकेत होती. डोक्याला रुमाल, कोपरापर्यंत माती, काळ्या पिशव्यांत रोपं बसवत होती. मला बघून उठली नाही. शेजारची पालथी बादली दाखवली. बसा.
मी म्हटलं, उभाच बरा. तिथूनच सुरुवात केली. मुद्द्यांचा कागद खिशात राहिला. उलटसुलट सांगितलं, पण सगळं सांगितलं. सोफा का, समुद्र का नाही, शर्टाचा वास कुठला. फाइल पुढे केली. तिने हात मातीचे आहेत म्हणून घेतली नाही.
बराच वेळ ती पिशव्या भरत राहिली. मग म्हणाली, "मला वाटलं, दुसरी कुणीतरी आहे."
मी हसलो. अशा वेळी हसू नये, हे मला कुणी तरी आधीच सांगायला हवं होतं.
"मग बघितलं, दुसरी कुणी नाही. तेव्हा वाटलं, मीच नकोशी झाले. दुसरी असती तर निदान भांडता आलं असतं. स्वतःशी कसं भांडायचं? रोज आरशात बघायचे, काय झालं माझ्यात म्हणून."
मी म्हटलं, तुला काळजी नको म्हणून...
"औषधवाल्याला माहीत होतं?"
हो.
"त्या गाडी शिकणाऱ्या बाईंना?"
हो.
"मी चादर अंथरून दिली तेव्हा वाट बघत होते. आता सांगाल, मग सांगाल. निघताना तोंडाने विचारलं. तुम्ही गॅसवाल्याचा नंबर मागितलात."
म्हटलं, आता सगळं ठीक आहे, सूज नाही, जंतू नाहीत, चल घरी.
तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाली, "फार दुखत होतं का हो?"
हो म्हटलं. आणि मग मीच रडायला लागलो. ठरवलं होतं उलट.
तिने हात धुतले, पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला. मायेनेच ठेवला. पण बाहेरच्या माणसाच्या पाठीवर ठेवतो तसा, वरवर. म्हणाली, "ऐकून बरं वाटायला हवं होतं. मला नाही वाटत. का ते मलाही कळत नाहीये. इथे मला झोप लागते."
बहिणीने जेवायला थांबवलं. हिने माझ्यासाठी खुर्चीवर दोन मऊ उशा ठेवल्या. निघताना मी विचारलं, कधी येतेस? म्हणाली, "पाठवते निरोप."
मी याला होकार धरून चाललोय.

३० जून.

निरोप आला. लेकीकडून. बहिणीच्या वरच्या मजल्यावरची खोली हिने स्वतःसाठी लावून घेतली आहे. कपड्यांची दुसरी बॅग लेक येऊन नेईल. मी म्हटलं, पावसाळ्यात रोपांचं काम जास्तच असतं. लेक म्हणाली, "बाबा, पुरे."

२ ऑगस्ट, शुक्रवार.

दर तासाला उठतो. शिकाऊंना सांगतो, गाडी बाजूला घ्या, सरांना चालायचंय. श्वासाचा व्यायाम दोन वेळा. डॉक्टरांनी आज दहापैकी किती विचारलं. म्हटलं, दोन. मार्चमध्ये आठ होतं. त्या समाधानाने हसल्या. मिसेस नाही आल्या? म्हटलं, नाही. आज खरं सांगून बघावं म्हणून थांबलो होतो, पण त्यांनी पुढचं विचारलं नाही.

१८ ऑगस्ट, रविवार.

आज सकाळपासून एकदाही दुखलं नाही. उठल्यावर नाही, बसल्यावर नाही. दुपारी बाराच्या सुमारास लक्षात आलं. सहा महिन्यांत पहिला दिवस. खात्री करायला लाकडी स्टुलावर अर्धा तास बसून पाहिलं. काही नाही.
हिला फोन केला.
म्हटलं, आज अजिबात दुखलं नाही.
म्हणाली, "अरे वा. छान झालं हो." खरंच बरं वाटलं तिला, आवाजावरून कळलं. मागे कुणी तरी विचारत होतं, हे झाड सावलीत जगेल का. तिने फोन बाजूला धरून त्याला नीट समजावलं. किती पाणी, किती ऊन. मी ऐकत थांबलो. एवढं तिला येतं हे मला माहीत नव्हतं.
मग परत माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ठेवते हं."
पूर्वी "ठेवू का?" असं विचारायची.